जुन्या वस्तूंचे मोल – लेखांक सातवा : वापरलेले रिव्हॉल्व्हर आणि त्याचा वाजवी भाव

मागील लेखांकात जुन्या तेल-इंजिनाचे मोल ठरविताना आपण असे गृहीत धरले होते की विकणारा आणि घेणारा दोघेही मोकळे आहेत; एकाने मागावे, दुसऱ्याने कमी करावे, आणि जेथे दोघांचे जमेल तेथे भाव ठरावा. आजच्या वस्तूला हे गृहीत लागू पडत नाही. रिव्हॉल्व्हर ज्याला विकावयाचे आहे त्याला ते सरकारला कळविल्यावाचून विकता येत नाही, ज्याला घ्यावयाचे आहे त्याला परवान्यावाचून हात लावता येत नाही, आणि ज्याला ते नकोसे झाले आहे त्याला ते घरात नुसते ठेवूनही देता येत नाही. म्हणून त्याची वाजवी किंमत काढू इच्छिणाऱ्या गृहस्थाने पोलादाकडे पाहण्यापूर्वी दप्तराकडे पाहावे हे बरे.

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या ज्या सरकी-कापसाच्या व्यापाऱ्याला रोकड घेऊन हिंडावे लागते, त्याला परवाना मिळाल्यानंतर पहिला मोह पडतो तो विलायती मालाचा. वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट ही नावे आजोबांच्या काळापासून कानांवर पडलेली असतात. परंतु १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी रिव्हॉल्व्हर आयात करण्याची वाट बंद झाली. नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर त्यानंतर देशात नवा विलायती माल आला नाही, आणि जो आधी आला होता तोच आजवर हातोहाती फिरतो आहे. ज्या शस्त्राला त्याच्या मायदेशी जुन्या बाजारात बेताचीच किंमत येईल, त्यालाच येथे लाखांची बोली लागते, याचे कारण त्याच्या घडणीत शोधण्यात अर्थ नाही. ते बंद दरवाजाचे मोल आहे. हे मोल खोटे नव्हे, कारण पुढचा गिऱ्हाईकही तेच देणार असतो. मात्र ते सरकारच्या एका धोरणावर उभे आहे, आणि आयातीचे धोरण बदलले तर ते एका रात्रीत ढासळू शकते, इतके भान पैसे मोजणाऱ्याने ठेवावे. माझ्या मते स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्याने या हौसेच्या वाट्याला जाऊ नये.

देशी मालाची गोष्ट वेगळी. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनणारे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर हे मुळात वेब्लीच्याच धाटणीचे, माथ्याशी उघडून खाली दुमडणारे, सहा काडतुसांचे. त्याच बोअरचे, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ २०१४ साली बाजारात आले तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती; आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे सिलिंडर बाजूला उघडणारे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत १,४०,८०० रुपये जाहीर झाली. वेब्लीचे नाव लावलेली .३२ बोअरची रिव्हॉल्व्हरेही आता उत्तर प्रदेशातील संडिला येथे बनू लागली आहेत. देशी जुन्या रिव्हॉल्व्हरच्या भावाला यामुळे एक छत मिळते : नवे जितक्याला पडते, त्याहून जुने अधिक महाग असण्याचे काहीच कारण नाही. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाल्याने हे छत आणखी उंचावले, आणि जुना माल विकणाऱ्यांच्या अपेक्षाही त्याबरोबर वर चढल्या. तथापि नव्याच्या किमतीत कर मिळवून तीच रक्कम जुन्यासाठी मागणारा विक्रेता तुम्हाला फक्त प्रतीक्षेचा काळ विकत असतो. तो काळ तुम्हाला किती मोलाचा, हे तुमचे तुम्ही ठरवावे.

जुने रिव्हॉल्व्हर विक्रीस निघते तरी कोठून? बहुधा मयताच्या घरातून. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर अथवा ते शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, वारसाच्या नावे परवाना होऊ शकतो. म्हणून चांगले शस्त्र सहसा घराबाहेर पडत नाही. पण वारस पुण्या-मुंबईस नोकरीला, त्याला परवान्याची दगदग नको, शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलिसांच्या मालखान्यात जमा, अशी स्थिती असेल तर विकणारा उतावीळ असतो. याच्या उलट ज्याला नवा परवाना मिळाला आहे त्याला ठरावीक मुदतीत शस्त्र घेऊन त्याची नोंद करावयाची असते, आणि मुदत संपत आली की घेणारा उतावीळ होतो. या दोहोंपैकी कोणाची घाई अधिक होती, यावरून एकाच शस्त्राच्या किमतीत मोठी तफावत पडलेली दिसते. शिवाय शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येऊ लागल्याने ज्यांच्याकडे तिसरे होते त्यांना ते काढून टाकणे भाग पडले. त्या काळात ज्याने घासाघीस केली नाही त्याने संधी दवडली, असे म्हणावे लागेल.

यात वऱ्हाडची एक खास अडचण आहे. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने तेथे शस्त्रपरवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे. अमरावतीच्या ग्रामीण भागात आणि सबंध अकोला जिल्ह्यात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. अकोल्याच्या वारसाने अमरावती शहरातील माणसाला रिव्हॉल्व्हर विकावयाचे म्हटले म्हणजे दोन कचेऱ्यांची दप्तरे हलवावी लागतात. परवानाधारकांनी आपसात व्यवहार केला तर १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. या अवधीत इसार दिलेला असतो, कागद फिरत असतात; त्यामुळे किमतीत कोणाचा कोणता खर्च धरला आहे हे इसारपावतीतच लिहून घ्यावे. ज्या शस्त्राची नोंद स्वच्छ, युआयएन (विशिष्ट ओळख) क्रमांक जुळता आणि ना-हरकत हाती आलेली, त्याला थोडे अधिक देण्यास मी तयार असेन.

आता खुद्द वस्तूकडे वळू. बैलजोडी घेताना शिंगांच्या रंगावर न भुलता दात पाहावेत, तसेच येथेही आहे. प्रथम सिलिंडर रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी. मग घोडा हळूहळू मागे ओढावा. तो पूर्ण चढण्यापूर्वीच सिलिंडर आपल्या जागी खटकन बसले पाहिजे, आणि ही परीक्षा सहाही घरांची वेगवेगळी करावी, कारण पाच घरे चांगली आणि सहावे आळशी असा प्रकार जुन्या मालात वारंवार आढळतो. चढलेल्या घोड्याला अंगठ्याने पुढे रेटून पाहावे. तो सुटला तर ते शस्त्र कोणत्याही किमतीला महाग आहे. सिलिंडर मागेपुढे हलते का, त्याच्या तोंडाशी आणि नळीत फट किती, हे उजेडाकडे धरून पाहावे. फट जास्त असेल तर दाब आणि ठिणग्या बाजूने निसटतात. माथ्याशी उघडणाऱ्या वेब्ली धाटणीत बिजागरीची कूस आणि वरची कडी झिजते. नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरून किंचित पिळल्यास ती झीज ताबडतोब कळते. नळीच्या आत खड्डे असतील तर भाव निःसंकोच पाडावा. नळीच्या टोकाशी चामडी म्यानाने घासलेला निळा मुलामा मात्र निरुपद्रवी असतो. उलट नव्याने चमकविलेले, क्रोम चढविलेले रिव्हॉल्व्हर पाहून मला संशयच येतो, कारण मुलाम्याखाली गंज झाकला जातो आणि मोहरांची, क्रमांकांची अक्षरे घासून बोथट होतात.

काडतुसांचा विचार अनेकजण व्यवहार आटोपल्यावर करतात. .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरला लांब, कडेला ओठ असलेले काडतूस लागते. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, बुडाशी ‘केएफ’ अक्षरे असलेली ही काडतुसे आपल्याकडे परिचित आहेत. पिस्तुलाचे .३२ काडतूस त्यापेक्षा आखूड आणि निराळे. जुन्या घराण्यांतून कधी कधी अशा विचित्र बोअरची विलायती खिशातली रिव्हॉल्व्हरे निघतात की ज्यांची काडतुसे दुकानात मिळतच नाहीत. ती कितीही देखणी असली तरी त्यांना शोभेच्या वस्तूहून अधिक किंमत देऊ नये. शेतात रानडुकरे आणि रोही येतात म्हणून रिव्हॉल्व्हर घेऊ पाहणाऱ्यालाही हेच सांगणे की, त्याचा त्या कामी उपयोग नाही.

ज्याने पैसे आधीच मोजले आहेत त्याने हिशेब असा करावा : आज हेच शस्त्र त्याच कागदांसह परत विकावयास काढले तर शहरातील अधिकृत विक्रेता किती देईल ते विचारावे, त्यात त्याचा वाजवी नफा मिळवावा, आणि ती रक्कम आपण दिलेल्या रकमेच्या जवळपास येते का ते पाहावे. फरक मोठा निघाला तर तो बहुधा घाईचा किंवा नावाचा असतो. मात्र चौकटीवरचा, नळीवरचा आणि परवान्यावरचा क्रमांक परस्परांशी जुळत नसेल, किंवा कोठे तो खोडल्याची खूण दिसत असेल, तर किमतीचा प्रश्नच उरत नाही; कलम ८ प्रमाणे क्रमांक खोडणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे, आणि क्रमांक आपण खोडला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ते सापडते त्याच्यावर पडते. अशा वेळी इसार बुडाला तरी चालेल, पण वकिलाच्या सल्ल्याने ही गोष्ट परवाना देणाऱ्या कचेरीस त्वरित लेखी कळवावी आणि त्या अर्जाची पोच घेऊन जपून ठेवावी.