झोळीत झोपण्याचं गणित

काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका निसर्ग शिबिरात आम्ही एक झोळी नेली होती. बाजारात मिळते तशी, दोरीच्या जाळीची. आवाराच्या फाटकाला विटांचे दोन भक्कम दिसणारे खांब होते, साडेतीन मीटर अंतरावर. झोळी खाली लोंबायला नको म्हणून आम्ही दोघांनी जोर लावून ती अगदी ताणून बांधली आणि मुलं जमायच्या आत आमच्यापैकी एक जण तिच्यात बसला. कट्ट असा आवाज आला. तो चटकन उठला म्हणून निभावलं. एका खांबाच्या तळाशी, विटांच्या थरात बोट जाईल एवढी फट पडली होती.

बसणाऱ्याचं वजन सत्तर किलो होतं. तसल्या खांबावर सत्तर किलोचा माणूस चढून उभा राहिला असता तर खांबाला काहीच झालं नसतं. मग झोळीत बसल्यावर असं का व्हावं? याचं उत्तर शोधताना आम्हांला बळांचा समांतरभुज चौकोन नव्याने शिकावा लागला. आता डोंगरात मुक्कामाला जाताना तंबूऐवजी झोळी नेणाऱ्यांची संख्या वाढते आहे. कोणती झोळी घ्यावी, असं विद्यार्थीही विचारतात. त्यांना दुकानातल्या किमती सांगण्याआधी हे गणित सांगावं, असं आम्हांला वाटतं.

झोळीत बसलेल्या माणसाचं वजन दोन टोकांना वाटलं जातं. ७० किलोचा माणूस असेल तर प्रत्येक टोकाने ३५ किलोचा भार वर उचलून धरायचा असतो. (खरं तर इथे किलोग्रॅम-बल म्हणायला हवं, सोयीसाठी नुसतं किलो म्हणू.) पण दोर सरळ उभा नसतो, तिरका असतो. त्यातल्या ताणाचा फक्त उभा घटक वजन पेलण्याच्या कामी येतो. दोर क्षितिजाशी जो कोन करतो त्याला θ म्हटलं, तर ताण × sin θ = ३५. कोन ३० अंश असेल तर sin ३०° = १/२, म्हणजे दोरातला ताण ७० किलो. माणसाच्या वजनाइतकाच, लक्षात ठेवायला सोपा. कोन १५ अंशांवर आला की ताण १३५ किलो होतो, १० अंशांवर २०० किलो आणि ५ अंशांवर ४०० किलो! दोर पूर्ण आडवा करायचा तर ताण अनंत लागेल, म्हणजेच तो कधीच पूर्ण आडवा होणार नाही.

वर्गात हे दाखवायला दोन तानकाटे आणि एक किलोची वाळूची पिशवी पुरते. दोरीच्या मध्यावर पिशवी टांगा, दोन्ही टोकांना तानकाटे अडकवा आणि दोन मुलांना ते धरून उभं करा. दोरी ३० अंशांत असताना दोन्ही काटे जवळजवळ एक एक किलो दाखवतील. मग मुलांना सांगा, दोरी सरळ करून दाखवा. काटे तीन-चार किलोंवर जातात, मुलं लालबुंद होतात, पण मधला बाक काही जात नाही. ज्यांना sin म्हणजे काय हे अजून माहीत नाही अशा सहावी-सातवीच्या मुलांनाही यातून मुद्दा कळतो.

आता खांबाकडे वळू. आमचा दोर क्षितिजाशी साधारण १० अंशांचा कोन करत असावा. तेव्हा खांबाला आडवी ओढ ३५ ÷ tan १०°, म्हणजे १९८ किलोंची. खांब दीड मीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर जाड, म्हणजे त्याचं वजन सुमारे ३५० किलो. दोर जमिनीपासून १.२ मीटरवर बांधलेला. सिमेंटची पकड धरली नाही तर असा खांब कडेवर उलटायला किती बळ पुरेल? ३५० × ०.१७५ ÷ १.२, म्हणजे अवघे ५१ किलो. आम्ही त्याच्या जवळजवळ चौपट ओढत होतो! तळाच्या सिमेंटने क्षणभर धरून ठेवलं, एवढंच. आणखी एक गोष्ट पाहा. आम्ही झोळी नीट ३० अंशांत बांधली असती तरी आडवी ओढ ६१ किलो झाली असती, तीही ५१ पेक्षा जास्तच. म्हणजे चूक फक्त कोनाची नव्हती, खांबाचीही होती. विटांचा खांब वरून येणारा भार पेलायला बांधलेला असतो, बाजूची ओढ सोसायला नाही. असे खांब झोळीवर कोसळून माणसं, विशेषतः मुलं, दगावल्याच्या बातम्या वेगवेगळ्या देशांतून आलेल्या आहेत. जुन्या देवळाचे खांब, किल्ल्यावरचे कठडे, पडक्या वाड्याच्या कमानी यांना तर झोळी कधीच बांधू नये. त्या वास्तूसाठीही आणि आपल्यासाठीही.

तेव्हा झोळी झाडालाच बांधायची. झाडाचं खोड वाऱ्याची बाजूची ओढ सोसतच वाढलेलं असतं. खोड निदान मांडीएवढं जाड आणि जिवंत हवं. शेवगा आणि पांगारा दिसायला कितीही जाड असले तरी लाकूड कच्चं. बांधण्यापूर्वी मान वर करून वाळलेली फांदी लोंबत नाही ना हे पाहावं. कोकणात आंबा-काजूच्या पानांत ओंबिलांची घरटी नाहीत ना, हेही पाहावं. हा सल्ला आम्ही अनुभवाने देत आहोत.

झाडाला मात्र बारीक दोरी बांधू नये. सालीच्या लगेच आत रसवाहिन्यांचा थर असतो. पानांत तयार झालेलं अन्न त्यातून मुळांकडे जातं. त्याच्याही आत खोड जाड करणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो. सत्तर-ऐंशी किलोंनी ताणलेली पाच मिलिमीटरची दोरी हे थर चिरडते. रात्रभर माणूस कूस बदलतो तशी ती सालीवर घासतही राहते. तोच ताण अडीच सेंटिमीटर रुंदीच्या चपट्या पट्टीने दिला की दाब पाचपटीने कमी होतो. पट्टी पॉलिएस्टरची असावी. नायलॉन ताणलं जातं, ओलं झाल्यावर जास्तच, आणि संध्याकाळी खुर्चीच्या उंचीवर बांधलेली झोळी पहाटे जमिनीला टेकते.

झोळीच्या मजबुतीचा आकडा वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. धपकन बसलं की क्षणभर ताण दुप्पट होतो. आणि गाठ मारली की दोराची ताकद घटते, कधी निम्म्यावरही येते. म्हणून प्रत्यक्षात येणाऱ्या ताणाच्या पाचपट तरी भार पेलेल अशी पट्टी घ्यावी. ३० अंश कसे मोजायचे? कंपासपेटीतला गुण्या डोळ्यांसमोर धरून दोर त्याच्या कडेशी जुळतो का पाहायचं. आम्ही सॅकमध्ये एक गुण्या कायम ठेवतो. सोबतचे हसतात, पण दोर बांधून झाला की मागून घेतात.

आता झोपण्याविषयी. झोळीत पाठ केळीसारखी वाकते अशी तक्रार सगळेच करतात. आपल्याकडे साडीच्या झोळीत बाळं सुखाने झोपतात, पण त्यांची लांबी झोळीच्या मानाने थोडी असते. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक मोठ्यांसाठीही झोळ्या विणत. ‘हमाका’ हा त्यांचा शब्द. हॅमॉक हा शब्द त्यातूनच आला. १४९२ मध्ये कोलंबसाने त्या पाहिल्या आणि पुढे शंभरएक वर्षांत, १५९७ मध्ये, इंग्लंडच्या नौदलाने त्या खलाशांसाठी अधिकृतपणे स्वीकारल्या. त्या बेटांवर आणि मध्य अमेरिकेत लोक झोळीत सरळ झोपत नाहीत, तिरके झोपतात. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. कापड कर्णाच्या दिशेने जास्त सपाट असतं, म्हणून पाठ जवळजवळ सरळ राहते. त्यासाठी झोळी लांब आणि ढिली हवी. आपल्या उंचीपेक्षा दीड मीटर तरी जास्त लांब घ्यावी. दोन टोकांमध्ये एक बारीक दोरी कायमची बांधून ठेवली, कापडाच्या लांबीच्या ८३ टक्के, तर झाडं कितीही दूर असोत, झोळीचा बाक दर वेळी तेवढाच राहतो. ८३ हा आकडा अनुभवातून आला आहे, पण तो cos ३०° च्या, म्हणजे ०.८६६ च्या, किती जवळ आहे पाहा. झोळी सरळ V आकाराची असती तर तोच आला असता. माणूस आडवा झाला की कापडाला गोलाई येते आणि टोकं आणखी थोडी जवळ येतात.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त फसवते ती थंडी. भरपूर पिसं भरलेली स्लीपिंग बॅग घेऊन लोक झोळीत शिरतात आणि पहाटे दोनला पाठ गारठून उठतात. ऊब देतात ती पिसं नव्हेत, पिसांमध्ये अडकलेली स्थिर हवा. पाठीखाली पिसं दबली की ती हवा निघून जाते. जमिनीवर झोपलं असतं तर खाली निदान वारा नसता. इथे पातळ नायलॉनच्या खालून वारा सतत उष्णता वाहून नेत असतो.

ढोबळ हिशेब करू. पाठीचं क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर, त्वचा ३३ अंश, बाहेरची हवा १२ अंश, म्हणजे फरक २१ अंशांचा. नुसत्या कापडाखाली हलका वारा असेल तर दर चौरस मीटरमागे, दर अंशाला सुमारे १० वॉट उष्णता जाते. ०.४ × २१ × १० = ८४ वॉट. झोपलेल्या माणसाचं सगळं शरीर मिळून साधारण ७५ ते ८० वॉट उष्णता निर्माण करतं! म्हणजे एकट्या पाठीतूनच कमाईपेक्षा खर्च जास्त. पाठीखाली एक सेंटिमीटर जाडीची फोमची कॅरीमॅट घातली की हाच आकडा सुमारे २४ वॉटवर येतो. झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला, पाच सेंटिमीटर जाडीची रजाई लोंबती बांधली तर सहा-सात वॉटवर. ती बाहेर असल्यामुळे दबत नाही. मात्र ती कापडाला लगटून हवी, मध्ये फट राहिली तर वारा शिरतो. थंडीच्या रात्री डोंगरात जाणार असाल तर आधी या रजाईचे पैसे बाजूला काढा, मग उरतील त्यांची झोळी घ्या, असं आम्ही सांगतो. दुकानदार नेमकं उलट सांगतात. पैसे कमी असतील तर कॅरीमॅट चालते. ती रात्रीतून दोनदा निसटते, एवढंच.

मच्छरदाणी झोळीला शिवलेलीच घ्यावी. नुसती वरून टाकली तर अंगाला टेकते. पाठीखाली पातळ कापडाचा एकच थर असेल तर डास त्यातूनही चावतात. तिथेही ती रजाई किंवा मॅट उपयोगी पडते. आमच्या मते झोळीचा सह्याद्रीत खरा फायदा वेगळाच आहे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे झोपलेल्याला पत्ताच लागत नाही. विषाने हळूहळू श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. जमिनीपासून उंच झोपणं आणि मच्छरदाणी नीट बंद करणं हा यावरचा साधा उपाय आहे. विंचवाचंही तेच. बूट मात्र खाली राहतात, ते सकाळी झटकायलाच हवेत.

वजनाच्या बाबतीत फार आशा ठेवू नये. झोळी, पट्ट्या, ताडपत्री, जाळी आणि रजाई मिळून दीड ते अडीच किलो होतात. एका माणसाच्या हलक्या तंबूचं वजनही तेवढंच असतं. उताराची, दगडधोंड्यांची, चिखलाची जमीन असेल तिथे झोळी जिंकते. उघड्या पठारावर, किल्ल्यांच्या माथ्यावर, हिमालयात वृक्षरेषेच्या वर ती निरुपयोगी, कारण बांधायला झाडच नाही. वाटेवर झाडं कुठवर आहेत आणि तिथे मुक्कामाची परवानगी आहे का, हे आधी विचारून मगच काय न्यायचं ते ठरवावं. आणि खुर्चीच्या बैठकीपेक्षा, म्हणजे ४५ सेंटिमीटरपेक्षा, उंच बांधू नये. मुलं असतील तर एकाखाली एक झोळ्या कधीही नकोत.

राहता राहिला पाऊस. ताडपत्री झोळीपेक्षा दोन्ही टोकांना हात-हातभर लांब हवी आणि तिची एक बाजू वाऱ्याच्या दिशेने खाली ओढलेली हवी. एवढं करूनही आमच्या एका सहकाऱ्याची झोळी आतून भिजली, वर ताडपत्री कोरडी ठणठणीत असताना. पाणी झाडाच्या खोडावरून ओघळून पट्टीवर आलं होतं आणि पट्टीच्या उतारावरून, धाग्याधाग्यांतून झिरपत थेट उशाशी पोचलं होतं. दुसऱ्या रात्री त्याने ताडपत्रीच्या आत, झोळीच्या जरा अलीकडे, प्रत्येक पट्टीला सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा बांधून लोंबता सोडला. पाणी त्या दोऱ्यापर्यंत आलं, त्यावरून उतरलं आणि टपटप जमिनीवर पडत राहिलं.