कोंबडीचे आयुष्य सहा आठवड्यांचे, औषधबंदी २८ दिवसांची

कोलकाता : एस्प्लनेडलगतच्या न्यू मार्केटमध्ये किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये चिकन घेणारा ग्राहक वजन आणि ताजेपणा पारखून घेतो. त्या कोंबडीला कोणते प्रतिजैविक, केव्हा दिले गेले, हे मात्र पाहून ओळखता येत नाही.

कुक्कुटपालनात प्रतिजैविकांचा वापर तीन कारणांसाठी होतो : आजारावर उपचार, आजार होऊ नये म्हणून खबरदारी आणि वजनवाढ. पहिला वापर अपरिहार्य आहे. उर्वरित दोहोंत खाद्यातून किंवा पाण्यातून निरोगी पक्ष्यांनाही औषध मिळते. अल्प मात्रेत दीर्घकाळ औषध मिळत राहिल्यास दुर्बळ जिवाणू मरतात, चिवट जिवाणू तगून वाढतात. ते मांस, विष्ठा, सांडपाणी आणि हाताळणाऱ्यांच्या हातांमार्फत माणसापर्यंत पोहोचतात. प्रतिरोधाची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडेही जातात.

कोलिस्टिनचे उदाहरण बोलके आहे. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर रुग्णांसाठी राखून ठेवलेले हे औषध पशुखाद्यातही वापरले जात होते. त्याला दाद न देणारे, जिवाणूंमध्ये सहज पसरणारे जनुक २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी नोंदविले. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेले प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्यपूरकांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. चीनने २०१७ मध्ये वजनवाढीसाठीचा त्याचा वापर थांबविल्यानंतर तेथे प्रतिरोधी जिवाणूंचे प्रमाण घटल्याचे अभ्यासांत आढळले. याचाच अर्थ, वापर आवरला तर परिस्थिती सुधारू शकते.

औषधाचा अंश मांसात उरू नये म्हणून शेवटची मात्रा आणि कत्तल यांत ठरावीक अंतर राखावे लागते. ते औषधाच्या वेष्टनावर नमूद करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. विशिष्ट कालावधी निश्चित नसल्यास तो मांसासाठी किमान २८ दिवस, अंडी व दुधासाठी ७ दिवस धरला जातो. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विक्रीस येते. म्हणजे २८ दिवसांचा नियम लागू असेल, तेथे औषध देण्यास जेमतेम पहिले दोन आठवडे उरतात. त्यानंतर कळपात आजार उद्भवला, तर उपचार करून विक्री लांबवायची की नियम डावलायचा, हा पेच पालकासमोर उभा राहतो. लांबलेल्या प्रत्येक दिवसाच्या खाद्याचा खर्च त्यालाच सोसावा लागतो.

म्हणूनच लसीकरण, स्वच्छ पाणी, कोरडी गादी, मोकळी हवा आणि शेडमधील ये-जा नियंत्रित ठेवणे हे औषधाची गरजच कमी करणारे उपाय ठरतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दिलेल्या औषधाची तारीखवार नोंद तितकीच आवश्यक आहे.

चिकन पूर्ण शिजविल्यास जिवाणू मरतात. औषधाचा अंश मात्र पूर्णपणे नाहीसा होईलच, याची खात्री नसते. कच्चे मांस नळाखाली धुतल्यास उडणाऱ्या शिंतोड्यांतून जिवाणू ओट्यावर पसरतात. त्यामुळे त्याची सुरी व पाट वेगळे ठेवणे आणि हात साबणाने धुणे, ही खबरदारी प्रत्येक स्वयंपाकघरात घेता येते. मूळ नियंत्रण मात्र शेडमध्येच व्हावे लागते.