आधी सावकार, मग मांत्रिक : म्हैसाळचे मृत्यू आणि लोकांचा रोष

20 जून 2022 रोजी सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत असलेल्या म्हैसाळ गावात एकाच कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत सापडले. दोन सख्खे भाऊ, त्यांची दोन घरे. एका घरात सहा मृतदेह होते, दुसऱ्यात तीन. भावांपैकी एक शिक्षक आणि दुसरा पशुवैद्यक. मृतांमध्ये त्यांची वृद्ध आई, दोघांच्या पत्नी आणि मुले होती. शाळकरी वयाचा एक मुलगाही त्यात होता.

घरात चिठ्ठ्या मिळाल्या. त्यांत पैशांचे व्यवहार होते आणि काही जणांची नावे होती. कर्जाला आणि सावकारांच्या तगाद्याला कंटाळून कुटुंबाने सामूहिक आत्महत्या केली, असा अर्थ त्यावरून लावला गेला. आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आणि बेकायदा सावकारीच्या आरोपाखाली 25 जणांवर गुन्हा दाखल झाला आणि लगेच अटकसत्र सुरू झाले. पश्चिम महाराष्ट्रात खासगी सावकारीविरुद्ध संतापाची लाट उसळली.

आठवडाभरातच प्रकरणाने वेगळे वळण घेतले. 27 जून रोजी पोलिसांनी जाहीर केले की ही आत्महत्या नसून हत्या आहे. हत्येच्या आरोपाखाली अटक झालेले दोघे सोलापूरचे होते. एक मांत्रिक म्हणून वावरणारा, दुसरा त्याचा वाहनचालक. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गुप्तधन काढून देतो असे सांगून या कुटुंबाकडून सुमारे एक कोटी रुपये उकळण्यात आले होते. धन मिळेना, तेव्हा कुटुंबाने पैसे परत मागायला सुरुवात केली. तो तगादा संपवण्यासाठी 19 जूनच्या रात्री घरातल्या माणसांना चहातून विष देण्यात आले, असा आरोप आहे. ज्या चिठ्ठ्यांवरून आत्महत्येचा निष्कर्ष निघाला होता, त्याही पूजाविधीच्या निमित्ताने लिहून घेतल्या असाव्यात, असा संशय तपासात पुढे आला. हे सर्व पोलिसांचे आरोप आहेत. ते न्यायालयात पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची असते.

मृत्यू तेच राहिले आणि लोकांच्या मनातला गुन्हेगार आठ दिवसांत बदलला. आधी सावकार होता, मग मांत्रिक आला. म्हणूनच लोकरोष कसा उभा राहतो, कुठे चुकतो आणि कशाने उपयोगी ठरतो, हे समजून घेण्यासाठी म्हैसाळ प्रकरण महत्त्वाचे आहे.

सावकारावर संशय आला, कारण

लोकांनी पहिल्या दिवशी सावकाराकडे बोट दाखवले, ते उगाच नव्हे. सावकारीचा जाच महाराष्ट्राच्या खेड्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ते दख्खनचे दंगे इतिहासात नोंदलेले आहेत. आजचा तगादा घरासमोर बसून राहणे, कोरे धनादेश लिहून घेणे, जमिनीचे खरेदीखत करून घेणे अशा रूपांत येतो. सोलापूरसारख्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या शहरात रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाला आजारपणात किंवा लग्नकार्यात बँकेआधी गल्लीतला पैसेवाला आठवतो.

यासाठी 2014 चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दामदुपटीचे जुने तत्त्वही या कायद्यात आहे : मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मालमत्ता चौकशीअंती परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे आणि त्यासाठी मागील पंधरा वर्षांतले व्यवहार तपासता येतात.

पण सावकारी हा खरा प्रश्न आहे म्हणून म्हैसाळचे मृत्यू सावकारीनेच झाले, असे ठरत नाही. ओळखीचे दुःख समोर दिसले की माणसाचे मन तपास तिथेच थांबवते. लोकांच्या पहिल्या प्रतिक्रियेची चूक इथे झाली.

गुप्तधनाचा सापळा

दुसरा संताप मांत्रिकावर होता. त्यामागची फसवणूकही ठरलेल्या पायऱ्यांनीच चालते. शेतात किंवा घराच्या पायाखाली धनाचा हंडा आहे, असे आधी सांगितले जाते. पहिली मागणी लहान असते, पूजेच्या साहित्यापुरती. मग विधी अडतो, धनावर राखणदार निघतो, मुहूर्त टळतो आणि प्रत्येक अडथळ्यागणिक रक्कम वाढत जाते. त्यातली सर्वांत घातक अट गुप्ततेची असते : बाहेर बोललात तर धन निघून जाईल. या एका अटीमुळे भावकी, शेजारी, मित्र, बँकेतला ओळखीचा माणूस असे सावध करणारे सगळेच दूर राहतात. बराच पैसा गेल्यावर कुटुंबाला मागे फिरणे कठीण होते. आधीचे वाया जाऊ नये म्हणून पुढचे दिले जाते आणि ते देण्यासाठी कर्ज काढले जाते. सावकार आणि मांत्रिक या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टी इथे एकमेकींना मिळतात.

गुप्तधन हे याचे एकच रूप आहे. पैशांचा पाऊस, मांडूळ, तांदूळ ओढून घेणारे ‘राईस पुलर’ नावाचे धातूचे भांडे अशा नावांनी हाच व्यवहार चालतो. मांडूळ हा बिनविषारी साप वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याची खरेदी-विक्री हाच गुन्हा आहे. जमिनीत खरोखर धन सापडले तरी ते परस्पर ठेवून घेता येत नाही. 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गुप्तपणे धन काढून देण्याचे वचन म्हणूनच मुळातून बेकायदा असते.

गुप्तधनापायी माणसे मारली जाण्याचा इतिहासही महाराष्ट्रात आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे 1972 ते 1974 या काळात झालेल्या हत्यांनी राज्य हादरले होते. त्या तपासात मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे नाव गाजले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. लोकांच्या संतापापुढे सरकारने चार दिवसांत वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणे, धनाच्या शोधासाठी अघोरी कृत्ये करणे यांसाठी त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

फसलेल्यांनाच दोष

अशा प्रकरणांत आणखी एक प्रतिक्रिया हमखास उमटते : शिकलेली माणसे अशी फसलीच कशी? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात मृतांवर ठपका असतो. शिक्षण माणसाला अक्षर देते, हिशोब देते. कर्जाची धास्ती, अब्रूची काळजी आणि एका फटक्यात सुटण्याची आशा एकत्र आली की शिकलेलाही हतबल होतो. उलट शिकलेल्या माणसाला आपण फसलो हे कबूल करायची लाज अधिक वाटते, म्हणून तो अधिक काळ गप्प राहतो. ‘कसे फसले’ म्हणून हसणारा समाज पुढच्या फसणाऱ्याचे तोंड बंद करतो. त्या गप्प बसण्याचा फायदा फसवणाऱ्यालाच मिळतो.

आरोपीचा धर्म, जात किंवा गाव यांवरून सगळ्या समूहाला बोल लावणे हीही अशीच चुकीची प्रतिक्रिया. भोंदूगिरी कोणत्या एका धर्माची नाही. दाभोलकरांच्या हत्येनंतर झालेला कायदा कृत्य पाहतो, करणाऱ्याचा देव पाहत नाही. म्हैसाळच्या बातमीत सोलापूरचे नाव आले म्हणून ते शहर दोषी होत नाही, तसेच म्हैसाळही.

न्यायालयाला काय लागते

लोकांचे मत एका बातमीने बनते. विषप्रयोगाचा आरोप मात्र न्यायालयात सहजी सिद्ध होत नाही, कारण विष देताना पाहणारा साक्षीदार बहुधा नसतो आणि ज्यांना दिले ते बोलायला उरत नाहीत. अशा खटल्यांत परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण असावी लागते. याविषयीचा आजही आधार मानला जाणारा निकाल महाराष्ट्रातल्याच एका कौटुंबिक प्रकरणातला आहे. 1982 साली पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि जुलै 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. विषप्रयोगाच्या खटल्यात चार गोष्टी पाहाव्यात, असे त्या निकालात स्पष्ट झाले : हेतू होता का, मृत्यू विषानेच झाला का, आरोपीकडे ते विष होते का, आणि ते देण्याची संधी त्याला होती का.

त्या निकालाने पुण्यात आणि बाहेरही मोठी अस्वस्थता निर्माण झाली. पण मंजुश्रीच्या मृत्यूनंतर उठलेला रोष एका माणसापुरता थांबला नव्हता. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली नारी समता मंच उभा केला. ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन महाराष्ट्रात गावोगावी गेले आणि घराच्या चार भिंतींआडच्या हिंसेबद्दल लोक उघडपणे बोलू लागले. देशभरातल्या अशा चळवळींच्या रेट्यातून 1983 साली भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाविरुद्धचे कलम 498-अ आले, 1986 साली हुंडाबळीचे कलम 304-ब आले. खटल्याचा निकाल आपल्या मनासारखा लागला नाही तरी रोष वाया जात नाही, याचे हे उदाहरण आहे.

उलट दिशेचे उदाहरण दिल्लीतले आहे. 1 जुलै 2018 रोजी बुराडी येथे एका कुटुंबातील अकरा जण मृत आढळले. एखाद्या बाबाने त्यांना मारले, असा संशय तेव्हा सर्वत्र बोलला गेला. पोलिसांना मात्र घातपाताचा पुरावा मिळाला नाही. बुराडीत लोकांना खून दिसला आणि तपास दुसरीकडे गेला. म्हैसाळमध्ये लोकांना आत्महत्या दिसली आणि तपास खुनाकडे गेला. दोन्हीकडे घाईचे मत टिकले नाही.

म्हणून तपास चालू असताना निकाल देण्याचा मोह माध्यमांनीही टाळायला हवा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये नीलेश नवलखा प्रकरणातील निकालात सांगितले की तपास सुरू असताना माध्यमांनी चालवलेला खटला न्यायदानात अडथळा आणतो. ‘आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ ही मागणीही अशा वेळी हमखास होते. वकील संघटनांचे तसे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले. आरोपीला चांगला वकील मिळणे मृतांच्याही हिताचे असते. पूर्ण बचाव ऐकून झालेली शिक्षाच वरच्या न्यायालयात टिकते.

रोष कुठे न्यावा

म्हैसाळनंतर सावकारांविरुद्ध कारवाईची मागणी झाली, भोंदूंविरुद्धही झाली. दोन्ही मागण्या रास्त होत्या. पण दोन्ही नऊ जणांच्या मृत्यूनंतर आल्या. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे. समाजाचे काम त्याच्या किती तरी आधी सुरू होते. शेजारचे घर अचानक दागिने गहाण टाकू लागले, रात्री-अपरात्री विधी होऊ लागले, नातेवाइकांकडून वारंवार हातउसने पैसे मागितले जाऊ लागले, की कोणी तरी जवळच्या माणसाने न हसता, न हिणवता विचारायला हवे.

तक्रारीला जागा आहेत. बेकायदा सावकारीसाठी तालुक्याचे सहायक निबंधक आणि जिल्हा उपनिबंधक, भोंदूगिरीसाठी पोलीस ठाणे, आणि मार्गदर्शनासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते. जीव नकोसा झालेल्यांसाठी सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. ‘कुणाला सांगू नका’ या अटीवर पैसे मागणारा प्रत्येक माणूस फसवणूक करतो आहे असे समजावे, आणि ती अट मोडून त्याच दिवशी घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाला सगळे सांगावे.