पोटाचा घेर आणि यकृत

बकऱ्याची कलेजी तुम्ही पाहिली असेल. तोच अवयव माणसालाही असतो. त्याला यकृत म्हणतात. कोणी लिव्हर म्हणतात. ते पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते.

आतड्यांकडून येणारे रक्त आधी यकृतात जाते. यकृत त्यातले सत्त्व साठवते आणि विषारी पदार्थ निकामी करते.

पूर्वी आवणी-कापणीला दिवसभर राबणारा माणूस आज कारखान्यात बसून काम करतो. ताटातला भात मात्र तेवढाच राहतो. वर गोड चहा आणि वडे. अंगात जिरले नाही, की त्याची चरबी होते. ती पोटात साचते. यकृतातही साचते.

पायात काटा मोडला, की ती जागा सुजते, ठणकते. याला दाह म्हणतात. पोटात चरबी फार झाली, की तिथेही दाह सुरू होतो. पण तो मंद असतो. राखेखाली निखारा धुमसावा तसा. दुखत नाही, म्हणून कळत नाही. या दाहातले पदार्थ रक्तावाटे यकृतात जातात. मग यकृताला सूज येते. सूज वर्षानुवर्षे राहिली, तर यकृतावर वण पडतात आणि ते कडक होते.

दारू पिणाऱ्याचेच यकृत बिघडते, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. दारूला न शिवणाऱ्यालाही हा आजार होतो. त्यात दारू घेतली, तर नुकसान वाढते.

“मी तर सडपातळ, मला कसली भीती?” असेही म्हणू नका. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण शंभर भागांत चरबी युडकिन यांच्या अंगात ९ भाग, तर याज्ञिकांच्या अंगात २१ भाग निघाली. आपल्याकडे चरबी अशी लपून असते.

घरीच एक माप घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी मोजून तोडा. ती निम्मी दुमडून बेंबीवरून पोटाभोवती धरा. टोके जुळली नाहीत, तर घेर जास्त आहे. मग सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. मधुमेह असेल, तर टोके जुळली तरी डॉक्टरांना विचारा.

उपाय आपल्याच हाती आहे. भात थोडा कमी करा. वाल, कुळीथ, भाजी वाढवा. साखर कमी करा. रोज अर्धा तास भरभर चाला. दारू सोडा. वजन जास्त असलेल्या ७० किलोच्या माणसाने हळूहळू ५ ते ७ किलो उतरवले, तर यकृतातली चरबी घटते, सूजही ओसरते.

पण डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरले किंवा रक्ताची उलटी झाली, तर झाडपाल्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी शहापूरचे किंवा मुरबाडचे सरकारी रुग्णालय गाठा.