बंदुकीवरील विजेरी

चंद्रपूर शहराच्या नैर्ऋत्येस, कोरपना तालुक्यांत गडचांदूर हें गांव आहे. चुनखडीच्या जोरावर या परिसरांत सिमेंटचे मोठाले कारखाने उभे राहिले आणि त्यांचे दिवे रात्रभर जळत असतात. परंतु हा झगमगाट मागें पडला, कीं कापसाचीं व सोयाबीनचीं शेतें लागतात आणि त्यांच्या पलीकडे माणिकगडच्या डोंगरांचा काळोख सुरू होतो. या काळोखांत पिकाची जागल करणाऱ्याच्या हातीं आज एक वस्तु हमखास असते. पुस्तकांत तिला विजेरी म्हणतात, बाजारांत बॅटरी. ही विजेरी हातांतून बंदुकीच्या नळीवर चढली म्हणजे काय होतें, त्या कामीं चांगली कोणती व वाईट कोणती, आणि मुळांत ती तेथें असावी कीं नसावी, हे प्रश्न केवळ शिकाऱ्यांपुरते नाहींत.

प्रथम हें स्पष्ट असावें, कीं भारतांत सशाची शिकार हा आज गुन्हा आहे. असली विजेरी निवडण्याचें शास्त्र वाढलें तें परदेशांत, आणि तेंहि गरजेपोटीं. ऑस्ट्रेलियांत १८५९ सालीं टॉमस ऑस्टिन या जमीनदारानें व्हिक्टोरिया प्रांतांतील आपल्या मळ्यावर इंग्लंडहून आणविलेले रानससे सोडले. पन्नासएक वर्षांत त्यांची संतति त्या खंडाच्या मोठ्या भागावर पसरली आणि कुरणें ओरबाडलीं गेलीं. तेथें रात्रीं दिवा घेऊन ससे मारणें हें शेतीच्या अनेक कामांपैकींच एक काम होऊन बसलें. तो ससा आणि आपल्याकडील ससा मात्र एक नव्हेत. तो बिळें खोदून वसाहतीनें राहतो व त्याचीं पिलें आंधळीं जन्मतात. आपला काळ्या मानेचा ससा गवतांतील उथळ खळग्यांत एकटा दबून बसतो आणि त्याचीं पिलें केसाळ अंगानें व उघड्या डोळ्यांनीं जन्मास येतात. मराठींत दोघांनाहि शब्द एकच असल्यामुळें परदेशची रीत येथेंहि चालेल, असा समज सहज होतो.

विजेरी घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो असा, कीं हिचा झोत किती लांब पडतो? खोक्यावर आंकडा छापलेला असतो. पण त्या आंकड्याचा अर्थ क्वचितच कोणी पाहतो. विजेरींतून एकंदर किती प्रकाश बाहेर पडतो हें ल्यूमेन या मापानें सांगतात, तर एका दिशेला तो किती एकवटला आहे हें कँडेला या मापानें. लांबवर पाहण्यास उपयोगी पडतें तें दुसरें माप. प्रचलित संकेताप्रमाणें, जेथें उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उरतो, तेथवर झोत पोहोंचला असें धरतात. दहा हजार कँडेला तीव्रतेची विजेरी या हिशेबानें २०० मीटरांची ठरते. परंतु २०० मीटरांवर चांदण्याइतक्या उजेडांत ससा कोणता आणि दगड कोणता, हें कोणाला सांगतां येईल? प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत क्षीण होतो. तीच विजेरी १०० मीटरांवर चौपट उजेड देते आणि ५० मीटरांवर सोळापट. उलटपक्षीं, पल्ला दुप्पट करावयाचा तर तीव्रता चौपट हवी. तात्पर्य, खोक्यावरील आंकडा हा दिसण्याचा आहे, ओळखण्याचा नव्हे. ओळखण्यासाठीं त्याच्या चतुर्थांशावर भिस्त ठेवावी हें बरें.

दुसरी गोष्ट धक्क्याची. बार उडतांच बंदूक मागें हिसका देते. जुन्या विजेरींतील तापणारी तार या हिसक्यानें तुटे आणि आंतील सेल जागचे हलून दिवा नेमका नको त्या वेळीं विझे. आतांच्या एलईडी दिव्यांत तार नसल्यामुळें पहिली अडचण गेली. दुसरी टळावी म्हणून सेलांमागची कमान घट्ट लागते आणि विजेरी नळीला आवळणारी पकड भक्कम लागते. तिसरी गोष्ट रंगाची. ससे व त्यांचे जातभाई यांना तांबडा रंग फारसा जाणवत नाहीं, म्हणून तांबडी कांच लावण्याची चाल पडली. त्या प्रकाशांत माणसाच्याहि डोळ्यांना काळोखाची संवय टिकून राहते. ही संवय पूर्ण होण्यास अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या झोतानें ती क्षणांत मोडते. मात्र तांबड्या उजेडांत जनावराचा खरा रंग ओळखूं येत नाहीं, म्हणजे एका हातानें मिळविलेलें दुसऱ्या हातानें जातें.

एवढी चिकित्सा झाल्यावरहि मुख्य प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो डोळ्यांचा आहे. रात्रीं झोत टाकला, कीं प्रथम जनावर दिसत नाहीं; दिसतात ते दोन चमकते ठिपके. गाय, चितळ, कुत्रा, बिबट्या यांच्या नेत्रपटलामागें आरशासारखा एक थर असतो. तो प्रकाश आला त्याच वाटेनें परत धाडतो. म्हणूनच दिवा पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेजवळ, म्हणजे कपाळावर किंवा बंदुकीवर असला, तर डोळे लखलखतात, आणि दूर बाजूला धरला तर लखलखत नाहींत. सशाच्या डोळ्यांत हा थरच नसतो. त्याचा डोळा आंतील रक्तवाहिन्यांमुळें मंद तांबूस दिसतो, इतकेंच. अर्थात् जे डोळे जोरानें चमकतात ते बहुधा सशाचे नव्हेत. ते बांधावर बसलेल्या गाईचे असूं शकतील, राखणीच्या कुत्र्याचे असूं शकतील. आणि मनुष्याच्या डोळ्यांतहि तो थर नाहीं. पलीकडच्या शेतांत घोंगडी पांघरून बसलेला जागल्या झोतांत चमकत नाहीं. ज्याला सर्वांत आधीं ओळखलें पाहिजे, तोच सर्वांत शेवटीं दिसतो.

बंदुकीवरील विजेरीचा खरा दोष येथें उघड होतो. दिवा हातांत असतो तेव्हां पाहणें हें एक काम असतें आणि नेम धरणें हें दुसरें. दोहोंच्या मध्यें विचाराला जागा असते. दिवा नळीवर बसविला म्हणजे हीं दोन्हीं कामें एक होतात. जें जें पाहावयाचें त्याच्यावर बंदूक रोखल्यावांचून तें पाहतांच येत नाहीं. खसफस झाली कीं नळी तिकडे वळते, आणि तेथें शेजारी उभा असला तर बंदूक त्याच्या छातीवर रोखली जाते. लहानशा पॉइंट बावीस रायफलीची गोळीहि दीड मैलापर्यंत धोक्याची असल्याचा इशारा काडतुसांच्या खोक्यांवर आढळतो. वर सांगितलेला २०० मीटरांचा झोत त्याच्या दशांशापर्यंतहि पोहोंचत नाहीं. म्हणून जेथें हें काम कायद्यानें चालतें, तेथील जाणते शिकारी पाहण्याचा दिवा निराळा ठेवतात. आधीं हातदिव्यानें जनावर ओळखावयाचें, त्याच्या मागें माती किंवा टेकाड आहे याची खात्री करावयाची, आणि मगच बंदूक उचलावयाची, असा त्यांचा क्रम असतो.

भारतांतहि हें साधन नवें नाहीं. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेटनें मे १९२६ मध्यें रात्रीं टिपला, तो रायफलीवर विजेरी बसवूनच. पण तेथें गांवोगांवच्या माणसांच्या प्राणांचा प्रश्न होता. सशाची गोष्ट अगदीं उलट. संकट आलें कीं हालचाल न करतां दबून बसणें हेंच त्याचें पहिलें संरक्षण. झोतानें दिपला म्हणजे तो जागींच थांबतो आणि जें त्याला तारावयाचें तेंच त्याला मारतें. त्यांत शिकाऱ्याचें कौशल्य तें कोणतें? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आरंभीं कांहीं शिकारींस परवाने ठेवले होते. परंतु तेव्हांहि कृत्रिम दिव्यानें व सूर्यास्तानंतर शिकार करण्यास सर्वसाधारण मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीनें ते परवानेहि गेले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सामान्य गुन्ह्यासहि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं होऊं शकतात. अभयारण्यांतील शिकारीस शिक्षा याहून कडक आहे.

मग गडचांदूरकडच्या शेतकऱ्यानें कोणती विजेरी घ्यावी? त्याचा शत्रु ससा नव्हे. त्याला सांभाळावयाचें असतें तें पायाखालच्या मण्यार-घोणसापासून, पिकांत शिरलेल्या रानडुकरांपासून, आणि या जिल्ह्यांत वाघ-बिबट्यांपासूनहि. त्याला कपाळावर बांधण्याचा, रुंद व सौम्य उजेडाचा दिवा हवा, म्हणजे पाऊल कोठें पडतें तें दिसेल व दोन्ही हात मोकळे राहतील. जोडीला बांधापलीकडचें पाहण्यास एक हातविजेरी असावी. ती पावसांत टिकणारी असावी, भरलेले सेल जादा जवळ असावेत, आणि झोत टाकण्यापूर्वीं तोंडानें हांक द्यावी. हांकेनें जनावर सावध होऊन वाट सोडतें, आणि पलीकडे माणूस असला तर तो ओ देतो. डोळ्यांची चमक जें सांगूं शकत नाहीं, तें हा एक शब्द सांगतो.