गावाचा गोबरगॅस: हिशेब शेणाचा आणि पाण्याचा

खेड्यात ऊर्जेचा कच्चा माल रोज तयार होत असतो. गोठ्यातले शेण, तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचे पाचट, भाताचा तूस, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या या सगळ्याला मिळून जैवभार म्हणतात. यातले खऱ्या अर्थाने वाया जाते ते फार थोडे. तुराट्या चुलीत जातात नाहीतर कुडाला लागतात, कडबा जनावर खाते, शेण उकिरड्यावर कुजून खत होते किंवा गोवऱ्या होऊन वाळते. ‘टाकाऊतून ऊर्जा’ अशी घोषणा देणाऱ्या योजना इथेच पहिली चूक करतात. त्या ज्याला टाकाऊ समजतात, त्याला गावात आधीच मालक असतो आणि उपयोगही असतो. सामुदायिक ऊर्जा प्रकल्प म्हणजे या मालकांकडे त्यांची वस्तू रोज, न चुकता मागणे. तिच्या बदल्यात त्यांना काय मिळते, यावर प्रकल्पाचे आयुष्य ठरते.

शेणाचा गॅस होतो तो हवाबंद टाकीत. ताज्या शेणात साधारण तेवढेच पाणी मिसळून केलेला काला टाकीत सोडला की आतले जिवाणू कामाला लागतात. काही जिवाणू गुंतागुंतीचे पदार्थ फोडतात, काही त्यांची आम्ले करतात आणि शेवटी मिथेन तयार करणारे जिवाणू त्या आम्लांवर जगतात. बाहेर येणाऱ्या वायूत ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि नाकाला लगेच कळणारा किंचित हायड्रोजन सल्फाइड. या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. पारा १५ अंशांखाली गेला की त्यांचे काम जवळपास थांबते, म्हणून थंडीत शेगडी मंदावल्याची तक्रार गोबरगॅस असलेल्या घराघरांतून ऐकू येते. २५ किलो ताज्या शेणापासून दिवसाला सुमारे एक घनमीटर गॅस मिळतो आणि तो स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या साधारण ४५० ग्रॅम गॅसइतके काम करतो.

गोवरी जाळण्यापेक्षा हा मार्ग चांगला का, याची कारणे दोन. साध्या चुलीत गोवरीच्या उष्णतेतला दहावा हिस्सा कसाबसा भांड्याला लागतो. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक. दुसरे कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे. गोवरी जळली की तिच्यातला नत्र हवेत जातो, तर टाकीतून बाहेर पडणाऱ्या मळीत तो जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे शेणातून इंधन काढून घेतल्यावरही खत हातात उरते. शिवाय धूर नाही, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा आणि फुफ्फुसांचा हिशेब तर कोणत्याही ताळेबंदात धरलेला नसतो.

भारतात या वायूचा वापर जुना आहे आणि त्याची एक सुरुवात मुंबईत झाली. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस मिळवणारी टाकी उभी राहिली होती. शेणावरचे पद्धतशीर प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस केले. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी तरंगत्या टाकीचे यंत्र बनवले आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. १९७८ साली घुमटाचे ‘जनता’ आणि १९८४ साली त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ ही प्रारूपे आली. त्यांत गंजणारे लोखंड नव्हते. १९८१-८२ पासून केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आजवर देशात ५० लाखांच्या घरात कौटुंबिक संयंत्रे बांधली गेली. महाराष्ट्र त्यात आघाडीच्या राज्यांपैकी आहे. बांधलेली सगळी चालू आहेत असे मात्र कोणी समजू नये.

कौटुंबिक संयंत्राची मर्यादा गोठ्यातच दिसते. एका कुटुंबाच्या स्वयंपाकाला साधारण दोन घनमीटरचे संयंत्र लागते, त्याला रोज ५० किलो शेण लागते आणि त्यासाठी दावणीला तीन-चार जनावरे हवीत. ज्यांच्याकडे ती आहेत ते गावातले बरे शेतकरी. एका गाईवर भागवणारे किंवा बिनगुरांचे मजूर कुटुंब अनुदान मिळाले तरी या योजनेबाहेरच राहते. सगळ्यांचे शेण एकत्र करून एकच मोठे संयंत्र बांधावे ही कल्पना या अडचणीतून आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर प्रदेशातल्या फतेहसिंह का पुरवा या गावी तसा एक प्रयोग झाला. पण या विषयातला सर्वांत शिकवणारा दाखला कर्नाटकातला आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली ‘ॲस्ट्रा’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला. विद्युत-रसायनशास्त्रातला हा नामांकित संशोधक तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये सरपण किती लागते, ते कोण आणते, पाण्याला किती वेळ जातो याची मोजदाद करायला लागला. त्यातून दिसले की खेड्याची ऊर्जा म्हणजे मुख्यतः सरपण, आणि ते सरपण व पाणी गोळा करण्यात बायका आणि मुलांचे दिवस जातात. या गटाने कुणिगल तालुक्यातल्या पुरा या साडेतीनशे-चारशे वस्तीच्या गावात सामुदायिक गोबरगॅस संयंत्र बांधले. उद्देश सरळ होता: घरोघरी स्वयंपाकाचा गॅस.

तो फसला, आणि आकडेमोड केली तर का फसला हे कळते. गावातून दिवसाला सव्वा टनाच्या आसपास शेण मिळणार, त्यातून साधारण ४० घनमीटर गॅस. माणशी रोज पाव घनमीटर धरले तर चारशे माणसांच्या स्वयंपाकाला १०० घनमीटर हवा. निम्माही गॅस पुरणार नव्हता. सगळ्यांनी शेण द्यायचे आणि काही घरांची चूल पेटायची, किंवा सगळ्यांची अर्धीच पेटायची, अशी ही योजना होती. पुन्हा पुऱ्यात सरपण विकत घ्यावे लागत नव्हते, ते गोळा करायचे असे. फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या जागी अपुरी वस्तू घ्यायला गावकऱ्यांनी उत्साह दाखवला नाही, यात त्यांचे अडाणीपण काढण्यासारखे काही नाही.

मग गावालाच विचारले गेले की तुम्हाला काय हवे आहे. उत्तर आले: पिण्याचे पाणी. बायका तळ्यावरून पाणी आणत होत्या. त्यावर सगळी रचना बदलली. १९८७ पासून त्याच गॅसवर सात अश्वशक्तीचे डिझेल इंजिन थोडे डिझेल आणि बहुतांश गॅस अशा मिश्रणावर चालू लागले, त्याला पाच केव्हीएचे जनित्र जोडले गेले आणि त्या विजेवर विंधन विहिरीचे पाणी वर चढून नळाने गावात आले. उरलेल्या विजेवर संध्याकाळी घरांतल्या ट्यूबलाइट लागल्या. स्वयंपाकाला न पुरणारा गॅस पाणी आणि दिव्याला आरामात पुरला. गॅस तेवढाच होता, गावही तेच. बदलली ती फक्त मागणी.

शेण आणण्याची व्यवस्था हे पुऱ्याच्या प्रयोगाचे खरे यश. घरचे शेण संयंत्रावर आणून देणाऱ्याला किलोमागे दोन पैसे मिळत. मळी वाळूच्या थरांवरून गाळून घट्ट केली जाई आणि ज्याने जितके शेण दिले त्याला त्या प्रमाणात परत मिळे. म्हणजे मालक आपले खत गमावत नव्हता, वरून वाहतुकीची मजुरी त्याच्या घरात येत होती. पैसे लहान दिसतात, पण ते बहुधा बायका-मुलांच्या हाती पडत आणि म्हणून शेण वेळेवर येई. वीज व पाण्याची वर्गणी, संयंत्र चालवणाऱ्या गावातल्याच तरुणांची मजुरी आणि रोजची नोंद गावाची समिती पाहत असे. पाणी थांबले तर ते सगळ्यांचेच थांबे, त्यामुळे चुकारपणा करणाऱ्यावर शेजाऱ्यांचाच दाब असे. गॅसजोडणीत हे घडले नसते. तिथे एकाची शेगडी बंद पडली म्हणून दुसऱ्याचे काही अडत नाही.

शेण कमी पण लाकूड आहे अशा गावांसाठी दुसरे तंत्र आहे: गॅसिफायर. लाकडाचे तुकडे अपुऱ्या हवेत धुमसवले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू निघतो. त्यात निम्मा भाग हवेतला नायट्रोजनच असल्याने तो बायोगॅसपेक्षा बराच हलका, म्हणजे कमी उष्णता देणारा. तो थंड करून, डांबर आणि राख काढून इंजिनला दिला की एका युनिट विजेला साधारण एक ते सव्वा किलो लाकूड लागते. डांबर काढणे हीच या यंत्राची डोकेदुखी. तिथे हयगय झाली की इंजिन जाम. तुमकूर जिल्ह्यातच होसहळ्ळी या ३५-४० घरांच्या वस्तीत १९८८ पासून असा गॅसिफायर चालवला गेला. जवळच्या दोन-अडीच हेक्टरांवर सरपणाची झाडे लावली होती. दिवे, पिण्याचे पाणी आणि पिठाची गिरणी त्यावर चालत, आणि यंत्र गावातले तरुण सांभाळत.

याचे मोठे रूप सुंदरबनच्या गोसाबा बेटावर १९९७ साली उभे राहिले. तिथे ५०० किलोवॉटचे केंद्र होते आणि वीजवाटप सहकारी संस्थेकडे. बेटावर विजेची तार टाकणे महाग असल्याने जैवभाराला तिथे खरी जागा होती. बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात २००७ साली ‘हस्क पॉवर’ने भाताच्या तुसावर वीज करून बांबूच्या खांबांवरून घरोघरी नेली; पण ती कंपनी, गावाची संस्था नव्हे.

या सगळ्यांना पुढे तीन प्रतिस्पर्धी भेटले. सरकारी वीज खेड्यांत पोहोचली. तिचा भरवसा नसला तरी दर कमी होता, आणि डिझेल महागत गेल्याने मिश्र इंजिनाचा हिशेब बिघडला. नंतर सौर पटल स्वस्त झाले, ज्याला इंधन गोळा करावे लागत नाही आणि डांबरही काढावे लागत नाही. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर गावोगावी नेला. त्यामुळे आज एखाद्या गावाने केवळ दिव्यांसाठी गॅसिफायर बसवावा असे सांगणारा अभ्यासक विरळा. जैवभाराला जागा उरली ती उष्णतेत, खतात आणि मोठ्या प्रमाणावरच्या गॅसमध्ये.

खताची बाजू गुजरातेत नीट उचलली गेली. आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने घरोघरी लहान बायोगॅस संयंत्रे बसवली गेली. गॅस ज्याचा त्याचा, मळी मात्र महिलांच्या सहकारी संस्थेने गोळा करून विकायची, अशी ही वाटणी आहे. दुधाच्या सहकाराची सवय असलेल्या भागात ही पद्धत रुजणे सोपे होते. बनासकांठ्यातल्या डामा येथे बनास डेअरी रोज सुमारे ४० टन शेण सभासदांकडून किलोला एक रुपया दराने घेते आणि शुद्ध केलेला गॅस वाहनांना विकते. केंद्राच्या २०१८ च्या ‘सतत’ योजनेमुळे अशा दाबलेल्या गॅसला ग्राहक मिळाला. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांकडे रसगाळणीतून उरणाऱ्या प्रेसमडचा मोठा साठा असल्याने त्यांचीही नजर तिकडे वळली आहे.

महाराष्ट्रातल्या दोन कामांचा उल्लेख इथे हवा. देहूला डॉ. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेले ‘मलप्रभा’ हे बायोगॅस संयंत्र विकसित केले. सार्वजनिक शौचालयाच्या गॅसवर मालकीचा वाद होत नाही, कारण मैल्यावर हक्क सांगायला कोणी येत नाही. अडथळा असतो तो फक्त किळसेचा. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा आणि खरकट्यापासून गॅस मिळवण्याच्या सुटसुटीत पद्धती काढल्या. कर्व्यांचा मुद्दा असा की शेण हे जनावराने आधीच पचवलेले अन्न आहे. पिष्टमय खरकट्यातून किलोमागे त्याच्या कितीतरी पट गॅस मिळतो आणि तोही दिवस-दोन दिवसांत. दावणीला जनावर नसलेल्या घराला त्यामुळे पहिल्यांदाच गोबरगॅसचा, खरे तर गोबराशिवायच्या गॅसचा, पर्याय मिळाला.

विदर्भातल्या पऱ्हाट्यांचे चित्र वेगळे आहे. त्यांच्या कांड्या करून औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात मिसळण्यासाठी विकता येतात, आणि केंद्राच्या २०२१ च्या धोरणाने असे मिश्रण सक्तीचे केल्यावर मागणीही आली. शेतकऱ्याला पैसे मिळतात आणि बांधावर पेटवून देण्याचे प्रमाण घटते. मात्र तेच सरपण चुलीसाठी वेचणाऱ्या भूमिहीन बाईला या व्यवहारात वाटा नसतो, आणि कांडी केंद्रात गेल्यावर राखही शेतात परत येत नाही. बायोगॅसच्या मोठ्या संयंत्रांपुढे अडचण उलट दिशेची आहे: मळीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, ते टँकरने लांब नेणे परवडत नाही. म्हणून मळी दाबून घन भाग वेगळा काढावा लागतो आणि पातळ भाग संयंत्राजवळच्या शेतांतच द्यावा लागतो. शेण ज्या गोठ्यांतून आले ते दूर असतील, तर खताचा फायदा संयंत्राच्या शेजाऱ्यांना होतो आणि शेण देणाऱ्याला रोख पैशांवरच समाधान मानावे लागते.