कराचीचे उमरडेकर आणि आपल्या शाळेची सहल

कराचीच्या रणछोड लाइन भागात १८९३ साली ज्यूंचं एक सिनेगॉग उभं राहिलं. त्याचं नाव मागेन शालोम आणि ते बांधणारे सॉलोमन डेव्हिड उमरडेकर. आडनावावरूनच माणूस आपल्या कोकणातला हे कळतं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १९३६ पर्यंत राहिला. त्यामुळे कोकणातली, घरात मराठी बोलणारी बेने इस्रायल ज्यू कुटुंबं नोकरीधंद्यासाठी कराचीला जाऊन स्थिरावली. त्यांच्यातले अब्राहम रूबेन १९३६ मध्ये कराची महापालिकेचे नगरसेवक झाले. फाळणीनंतर हा समाज पांगला. १९८८ मध्ये सिनेगॉग पाडून तिथे व्यापारी इमारत उभी राहिली.

त्याच कराचीहून, शिवाय हैदराबाद आणि शिकारपूरहून निघालेली सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आमच्या कॅम्प ४ मधल्या कित्येक पत्त्यांत अजून बरॅक नंबर लिहावा लागतो. इथल्या एखाद्या आजोबांच्या लहानपणीच्या कराचीत मराठी बोलणारे ज्यू शेजारी होते, हे त्यांच्या नातवाला कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. ज्यू इतिहासाच्या संग्रहालयांचा आणि त्यांच्या शैक्षणिक उपक्रमांचा विषय आपल्या गावात काढावा असं मला वाटतं, ते यासाठीच.

जगात या क्षेत्रात मोठं काम झालं आहे. वॉर्सातलं पोलिन संग्रहालय दरवर्षी १९ एप्रिलला, म्हणजे वॉर्सा घेट्टोच्या उठावाच्या दिवशी, कागदाची पिवळी फुलं वाटतं. त्या उठावातून वाचलेले मारेक एडेलमन दरवर्षी स्मारकावर पिवळी डॅफोडिल वाहत, त्यावरून ही प्रथा पडली. स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहतात, शाळांतली मुलं स्वतः फुलं कापतात. त्या दिवशी संग्रहालयाची पायरी न चढताही माणूस इतिहासात सामील होतो. बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाने २०२१ मध्ये खास मुलांसाठी ‘अनोहा’ हे दालन उघडलं. एका जुन्या फूलबाजाराच्या इमारतीत नोहाची प्रचंड लाकडी नाव आहे आणि तिच्यात टाकाऊ वस्तूंपासून बनवलेले सुमारे दीडशे प्राणी. मुलं तिथे चढतात, रांगतात, प्राण्यांना हात लावतात. तेल अवीवचं ‘अनु’ संग्रहालय तर जगभरच्या ज्यू समाजांची कहाणी सांगतं. आपल्या देशात केरळने परावूर आणि चेंदमंगलम इथली जुनी सिनेगॉग दुरुस्त करून त्यांत संग्रहालयं केली.

महाराष्ट्रात या तोडीची वास्तू उभी राहिलेली नाही. तरी सार्वजनिक कार्यक्रमातून इतिहास शिकवण्याची कला बेने इस्रायलांना युरोपकडून शिकावी लागली नाही. १८८० च्या सुमारास मुंबईत डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी ज्यू कीर्तन सुरू केलं. या घटनेवर मला जरा थांबावंसं वाटतं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रं त्यांनी आख्यानाच्या घाटात बसवली. साकी, दिंडी, ओवी, आर्या, पदं सगळं आपलंच. कथा मात्र तोराह या ज्यू धर्मग्रंथाची. बहुतेक श्रोत्यांना हिब्रू प्रार्थना तोंडपाठ असत, पण अर्थ लागत नसे. कीर्तनात तो अर्थ त्यांच्या बोलीत आणि ओळखीच्या चालीत कानावर पडू लागला. आख्यानं छापून पुस्तिकाही निघाल्या. समोर श्रोते बसलेले आहेत, सांगणारा उभा आहे, मुलं आईच्या मांडीवर बसून ऐकताहेत. आजची संग्रहालयं ज्याला शैक्षणिक उपक्रम म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

त्याच सुमारास शाळाही निघाली होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती माझगावची सर एली कदूरी शाळा झाली आणि रिबेका रूबेन यांच्यासारख्या विदुषी तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. आज तिथे शिकणारी बहुतांश मुलं इतर धर्मांची आहेत. केहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापून यायला १९३७ उजाडलं, तेही तेल अवीवमध्ये. लेखक तोवर हयात नव्हते. लिहून ठेवलेला इतिहास चाळीस वर्षं कपाटात राहतो आणि कीर्तनात सांगितलेला त्याच रात्री घरोघर पोचतो, म्हणून मी कीर्तनाला मोठा मान देते.

पाहण्यासारख्या वास्तू मात्र आपल्या जवळ, लोकलच्या टप्प्यात आहेत. विठ्ठलवाडीहून ठाण्याला उतरलं की टेंभी नाक्याजवळ १८७९ चं शआर हाशामाईम सिनेगॉग आहे. आज महाराष्ट्रातली बरीच ज्यू वस्ती ठाण्यातच आहे. पनवेल, पेण, रेवदंडा, अलिबाग इथली सिनेगॉग एका रस्त्यावरची म्हणावीत अशी. अलिबागजवळच्या नवगावला, परंपरा सांगते त्याप्रमाणे, गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं शआर हारहामीम हे शहरातलं पहिलं सिनेगॉग. जुने लोक त्याला मशीदच म्हणत आणि मशीद बंदर हे स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. उल्हासनगरचे आमचे व्यापारी घाऊक मालासाठी वर्षानुवर्षं त्याच स्टेशनवर उतरत आले आहेत.

अडचण आहे ती दाराशी. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून अशा वास्तूंवर बंदोबस्त असतो. आधी परवानगी, ओळखपत्र, बॅगांची तपासणी. त्याबद्दल विश्वस्तांना दोष देता येणार नाही. पण त्यामुळे सहलीची बस बाहेरूनच वळते, हेही खरं. उपाय म्हणून मुलांना तिकडे नेण्याआधी समाजातल्या जाणत्या माणसांना शाळेत बोलवावं. एखाद्या आजींनी वर्गात मलिदा करून दाखवावा : भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर सुकामेवा, भोवती पाच फळं आणि सुवासाला सब्जाची डहाळी. मलिदा एलियाहू हानावी या प्रेषिताच्या नावाने करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे अशी श्रद्धा आहे आणि तू बिश्वात या ज्यू सणाच्या सुमारास लोक तिथे जातात. आमच्या कॅम्पातल्या झूलेलालच्या प्रसादात वाढलेल्या मुलीला हा प्रसाद समजावून सांगावा लागणार नाही.

सरकारी पातळीवर राज्याने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. शिष्यवृत्त्यांच्या आणि संस्थांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण त्याच आस्थेने नोंदी जमवण्याचं काम व्हायला हवं. बेने इस्रायलांपैकी बहुतेक जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८७ पासून निघू लागलं आणि ज्यू कीर्तनाची पदं तिथल्या बायका अजून गातात. भारतात मागे उरले आहेत ते काही हजार. वृद्धांच्या आवाजातली मराठी, आडनावांमागची गावं, लग्नातली मेंदीची गाणी हे सगळं आजच ध्वनिमुद्रित करायला हवं. त्यासाठी काचेच्या कपाटांची वाट बघायची गरज नाही. फोन सगळ्यांच्या खिशात आहे.

आणि हे करताना आमच्या मुलांनी आपल्या घरातही तोच प्रश्न विचारावा. आजोबांची कराची कशी होती, शेजारी कोण होते, निघताना बरोबर काय आणलं, कुठल्या बंदरावर उतरलात. फाळणी अनुभवलेली पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळांनी नववीच्या वर्गाला एवढा एक प्रकल्प द्यावा : एका बाजूला सिंधी आजोबांची मुलाखत, दुसऱ्या बाजूला ठाण्याच्या बेने इस्रायल आजींची. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की सिंध आणि कोकण यांच्यातली जुनी ये-जा मुलं स्वतःच शोधून काढतील. तू बिश्वात जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि शाळांच्या सहलीही त्याच हंगामात निघतात. सिनेगॉगच्या परवानगीला वेळ लागतो, तेव्हा मुख्याध्यापकांनी विश्वस्तांना पत्र दिवाळीची सुट्टी संपताच पाठवावं.